इंजिनाच्या पाण्याला किती ताप हवा?

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात एका सहशिक्षकाने दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या मेळाव्यात शिक्षणाच्या महत्त्वावर मी चार शब्द बोलावेत, अशी मला आज्ञा झाली. हा विषय आपण दरवर्षी ऐकता, माना डोलावता आणि घरी जाता. म्हणून अध्यक्षसाहेबांची परवानगी घेऊन मी विषय थोडा बदलून घेतला आहे. डिझेल इंजिन आणि त्याला थंड ठेवणारे गोडे पाणी यांविषयी आज बोलावयाचे आहे. मी बी.ए., बी.एड. आहे, शाळेत मराठी आणि इतिहास शिकवतो. तेव्हा 'या मास्तरला इंजिनातले काय कळते?' असे कोणाच्या मनात आले तर त्यात काही चूक नाही. माझे उत्तर एवढेच की, ज्या घरात मी वाढलो ते घर इंजिनावर चालले. माझे वडील सत्तावीस वर्षे मालवाहू जहाजांच्या इंजिनखान्यात तेलवाले होते. माझ्या मामूंची मासेमारीची लाँच दाभोळच्या खाडीतून बाहेर पडत असे. आणि इथे बसलेल्यांपैकी किती जणांच्या घरची चूल जहाजाच्या, लाँचच्या, ट्रकच्या नाही तर शेतावरच्या पंपाच्या इंजिनावर पेटते, ते मी आपणांस सांगावयास नको.

प्रथम मामूंची हकीकत सांगतो. २०११ सालची गोष्ट. हंगामाच्या मध्यावर एके दिवशी भर समुद्रात लाँचचे इंजिन तापले. कसेबसे बंदराला आणले. मिस्त्रीला बोलावले. समुद्राचे पाणी ओढणाऱ्या पंपाचे रबरी पाते फाटले होते, ते त्याने बदलले. दुखणे तिथेच संपले होते. पण जाता जाता त्याने इंजिनाच्या माथ्यावरील घर उघडून मुठीत मावेल एवढा एक पितळी तुकडा काढला आणि म्हणाला, "हा फालतू भाग आहे. पाणी अडवून धरतो. आपल्याकडच्या हवेत याचे काय काम? आता बघा इंजिन कसे गार राहते ते." आणि इंजिन खरोखरच गार राहिले. मी सुटीत गेलो तेव्हा मामूंनी चालू इंजिनावर तळहात टेकवून मला मोठ्या कौतुकाने दाखवले, "बघ भाचा, हात ठेवता येतो!"

दोन हंगाम गेले. सकाळी इंजिन सुरू होण्यास त्रास देऊ लागले. सुरुवातीला पांढरा धूर येई, मग निळसर. इंजिनाचे तेल कमी होऊ लागले आणि जे उरे ते डांबरासारखे काळे. डिझेल जास्त लागू लागले, ओढ कमी झाली. शेवटी इंजिन खोलले तेव्हा लायनर, म्हणजे ज्या नळकांड्यात पिस्टन वरखाली धावतो ती नळकांडी, झिजून ओबडधोबड झाली होती आणि पिस्टनच्या रिंगा निकामी झाल्या होत्या. जहाजावरून निवृत्त झालेले एक इंजिनिअर शेजारच्या गावात राहत. त्यांनी लायनरवरून बोट फिरवले आणि विचारले, "थर्मोस्टॅट कुठे आहे?" मामूंना तो शब्दच ठाऊक नव्हता. सगळी हकीकत ऐकल्यावर ते म्हणाले, "तुमचे इंजिन तापून नाही मेले, गारठून मेले." ती दुरुस्ती मामींच्या पाटल्या विकून झाली. त्या पाटल्या पुन्हा घडल्या नाहीत.

त्या मिस्त्रीला दोष द्यावा म्हणून मी हे सांगत नाही. त्याने उस्तादाला जे करताना पाहिले तेच केले. मामूंनी डोळ्यांना जे दिसले त्यावर विश्वास ठेवला. पण 'इंजिन तापले तर वाईट, म्हणून जितके गार तितके चांगले' हा जो हिशेब दोघांनी केला, तो चुकीचा आहे. तो का चुकीचा आहे हे समजावून सांगणे एवढाच माझा आजचा हेतू आहे.

इंजिनात उष्णता येते कोठून, ते आधी पाहू. जर्मनीत रुडॉल्फ डिझेल यांना आपल्या इंजिनाचे पेटंट १८९३ मध्ये मिळाले आणि १८९७ मध्ये आउग्सबुर्ग येथे त्यांचे इंजिन यशस्वीपणे चालले. १९१२ मध्ये 'सेलांडिया' हे डिझेल इंजिनाचे मोठे जहाज डेन्मार्कहून पूर्वेकडच्या लांबच्या सफरीवर निघाले आणि बोटींच्या कोळशाचे दिवस भरत आले. या इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवेला इतकी दाबतो की तिचे तपमान ५०० अंश सेल्सिअसच्या वर जाते. सायकलला हवा भरताना पंपाचे तोंड गरम होते, त्याचाच हा मोठा प्रकार. त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा सुटतो आणि तो आपोआप पेटतो. जळणाऱ्या वायूचे तपमान क्षणभर दीड हजार अंशांच्या पुढे जाते. बिडाचे लोखंड साधारण १२०० अंशांच्या आसपास वितळते आणि ॲल्युमिनियम तर ६६० अंशांनाच. म्हणजे थंड ठेवण्याची सोय नसेल तर इंजिन स्वतःच्याच आगीत जाईल.

लाँचवर असते तशा इंजिनात जाळलेल्या डिझेलची साधारण एक-तृतीयांशाहून थोडी अधिक शक्ती पंख्याला मिळते. एक-तृतीयांशाच्या जवळपास धुराबरोबर जाते आणि उरलेली बहुतेक पाण्याला सोसावी लागते. विद्यार्थ्यांनी वहीत हा हिशेब करून पाहावा. शंभर अश्वशक्तीचे इंजिन पूर्ण जोराने चालले तर तासाला १८ ते २० लिटर डिझेल पिते. त्यातून दर सेकंदाला सुमारे ५५ किलोज्यूल उष्णता पाण्यात उतरते. आपली पंधरा लिटरची बादली या उष्णतेवर ठेवली तर दीड मिनिटाच्या आत तिला उकळी फुटेल. ही उष्णता वाहून नेताना पाण्याचे तपमान आठच अंशांनी वाढावे असे वाटत असेल, तर मिनिटाला शंभर लिटर पाणी इंजिनातून फिरले पाहिजे. शाळेतले विशिष्ट उष्णतेचे गणित ते हेच. 'याचा पुढे उपयोग काय?' असे जे विद्यार्थी विचारतात, त्यांना हे उत्तर.

आता कोणी म्हणेल की, लाँच तर समुद्रातच आहे. मग समुद्राचे पाणी सरळ इंजिनात का सोडू नये? पूर्वी तसे करीत आणि काही ठिकाणी अजूनही करतात. पण समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. ते लोखंड खातात, हे आपल्या किनाऱ्यावरच्या माणसाला शिकवावे लागत नाही. शिवाय हे पाणी पन्नास अंशांच्या पुढे तापू लागले की त्यातील क्षार पाण्याच्या वाटेवर थर धरू लागतात. पाणी तापवण्याच्या भांड्याच्या बुडाला जसा पांढरा थर बसतो तसाच हा. हा थर उष्णता बाहेर जाऊ देत नाही. म्हणजे खारे पाणी आत घातले तर इंजिन पन्नास अंशांच्या खाली ठेवावे लागते आणि तेवढे गार राहणे इंजिनाला मानवत नाही.

म्हणून दोन पाण्यांची योजना निघाली. गोडे पाणी इंजिनातच कोंडलेले. ते पंपातून लायनरभोवती, तेथून हेडमध्ये, तेथून कूलरमध्ये आणि पुन्हा पंपाकडे असे गोल फिरत राहते. खारे पाणी फक्त कूलरच्या नळ्यांतून वाहते, गोड्या पाण्याची उष्णता घेते आणि समुद्रात जाते. दोघांची भेट होत नाही, मध्ये धातूचा पातळ पडदा असतो. ट्रकला समुद्र नाही, म्हणून तेथे खाऱ्या पाण्याचे काम रेडिएटरमधून जाणारी हवा करते. या कोंडलेल्या पाण्यातही विहिरीचे जड पाणी भरू नये. शुद्ध केलेले पाणी घालून त्यात गंजरोधक औषध ठरलेल्या प्रमाणात मिसळावे लागते. जहाजावर दर काही दिवसांनी या पाण्याचा नमुना तपासतात, जसे आपण साखरेच्या रोग्याचे रक्त तपासतो.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. हे गोडे पाणी किती तापलेले असावे? बहुतेक इंजिनांचे बनवणारे सांगतात की, इंजिनातून बाहेर पडणारे पाणी ८० ते ९० अंशांच्या आसपास असावे. आकडा इंजिनागणिक थोडा बदलतो; ज्याच्या त्याच्या पुस्तकात तो दिलेला असतो. आपल्या हाताला साधारण पंचावन्न-साठ अंशांच्या पुढचे लोखंड धरवत नाही. त्याच्या पुढे पासष्ट असोत की पंचाण्णव, हात एकच सांगतो, 'भाजले'. म्हणजे निरोगी इंजिनावर हात ठेवता येतच नाही. मामूंचा हात इंजिनावर टेकत होता, हीच रोगाची खूण होती आणि तीच आम्ही कौतुकाने पाहत होतो.

गारठ्याने इंजिन मरते कसे? एक लिटर डिझेल जळले की त्यातून जवळजवळ एक लिटर पाणी तयार होते. हे ऐकून माझ्या वर्गातील मुले हसली होती. पण डिझेलमधील हायड्रोजन हवेतील प्राणवायूशी संयोग पावतो तेव्हा पाणीच होणार. ते वाफेच्या रूपाने धुराबरोबर निघून जाते. लायनरची भिंत गार असेल तर मात्र त्यातील काही भाग, गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून दव धरावे तसा, भिंतीवर उतरतो. डिझेलमध्ये गंधक असेल तर जळताना त्याचे वायू होतात आणि त्या दवाशी मिळून गंधकाम्ल तयार होते. लायनर गंधकाम्लाने धुतला गेला तर त्याची काय दशा होईल ते रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत एकदा जाऊन आलेल्या मुलालाही समजेल.

गार इंजिनात डिझेल उशिरा पेटते आणि पुरते जळत नाही, म्हणून पांढरा धूर आणि ठोके येतात. न जळलेले डिझेल लायनरवरच्या तेलाचा पातळ थर धुऊन टाकते आणि खाली तेलाच्या टाकीत मिसळते. तेल गार असल्यामुळे दाट राहते आणि इंजिनाची शक्ती ते तेल ढवळण्यातच खर्च होते. पिस्टन आणि लायनर यांच्यामधील फट तापलेल्या इंजिनासाठी आखलेली असते. इंजिन तापलेच नाही तर ती फट मोठी राहते आणि जळका वायू तिच्यातून खाली उतरून तेल काळे करतो. मामूंच्या इंजिनाची लक्षणे मी मघाशी सांगितली. ती आता एकेक करून ताडून पाहा.

कोणी म्हणेल की, आता इंधनात गंधकच राहिले नाही. हे बऱ्याच अंशी खरे आहे. आपल्या देशात १ एप्रिल २०२० पासून रस्त्यावरच्या वाहनांच्या डिझेलमध्ये गंधकाचे प्रमाण दहा लाख भागांत जास्तीत जास्त १० भागांवर आणले गेले. जहाजांच्या इंधनात पूर्वी साडेतीन टक्क्यांपर्यंत गंधक चालत असे. १ जानेवारी २०२० पासून ती मर्यादा अर्ध्या टक्क्यावर आली. त्यामुळे आम्लाचा त्रास कमी झाला. पण पाण्याची वाफ, न जळलेले डिझेल आणि दाट तेल ही तिन्ही दुखणी गंधकाविना देखील राहतातच. आणि हा प्रश्न खाडीतल्या लहान लाँचपुरता नाही. २००८ च्या आर्थिक मंदीनंतर इंधन वाचवण्यासाठी जगभरची मोठी जहाजे हळू चालवली जाऊ लागली. कमी जोरावर लायनर थंड पडू लागले आणि आम्लाने झिजू लागले. मग लायनरभोवतीचे पाणी कमी जोराच्या वेळी दाबाखाली १०० अंशांच्याही वर ठेवण्याची व्यवस्था इंजिन बनवणाऱ्यांनीच काढली. जगातील सर्वांत मोठ्या इंजिनांचे वैद्य जेव्हा रोग्याचा ताप मुद्दाम वाढवतात, तेव्हा 'गार तेच चांगले' या समजुतीचा फेरविचार करावयास हवा.

याचा अर्थ इंजिन हवे तेवढे तापू द्यावे, असा कोणी घेऊ नये. तपमान मर्यादेच्या पुढे गेले की लायनरवरचे तेल पातळ होऊन थर तुटतो, पिस्टन फुगून लायनरला घासतो आणि प्रसंगी जागच्या जागी धरतो. हेडचे गॅस्केट जळते, हेडला तडे जातात. आत पाण्याची वाफ झाली की त्या जागी पाणी पोचतच नाही. दोन्ही बाजूंना खड्डा आहे. इंजिनाला मधल्या वाटेवर धरून ठेवणे, यालाच तपमानाचे नियंत्रण म्हणतात.

आणि मिस्त्रीने फेकून दिलेला तो पितळी तुकडा नेमके हेच काम करीत होता. थर्मोस्टॅटच्या पोटात एका बंद डबीत खास प्रकारचे मेण असते. पाणी गार असताना मेण घट्ट, झडप बंद. पाणी कूलरकडे न जाता बायपासच्या वाटेने तसेच परत पंपाकडे जाते आणि इंजिन लवकर गरम होते. ठरलेल्या तपमानाला मेण विरघळू लागते, विरघळताना फुगते, दांडीला ढकलते आणि झडप थोडी उघडते. पाणी आणखी तापले तर झडप आणखी उघडते, गार झाले तर स्प्रिंग तिला मिटवते. वीज नाही, माणूस नाही, रात्रंदिवस पहारा.

गेल्या वर्षी नववीच्या वर्गाला घेऊन आम्ही याचा प्रयोग केला. विज्ञानाच्या शिक्षकांनी प्रयोगशाळा उघडून दिली. सुट्या भागांच्या दुकानातून ८२ अंशांचा छाप असलेला एक थर्मोस्टॅट आणला, दोऱ्याने पाण्यात टांगला, शेजारी तपमापक लावला आणि खाली दिवा पेटवला. सत्तर, पंचाहत्तर, ऐंशी. मुले कंटाळू लागली. ८३ ला एका मुलीने ओरडून सांगितले, "सर, फट पडली!" केसाएवढी फट. मग ती वाढत गेली आणि पंचाण्णवच्या सुमारास झडप पूर्ण उघडली. दिवा काढल्यावर त्याच मुलीने आणखी एक गोष्ट टिपली. उघडताना फट ८३ ला पडली होती, पण मिटताना ती त्याहून खालच्या आकड्याला मिटली. अशा वस्तूंचा तो स्वभावच आहे. ज्या वस्तूला एका कुशल मिस्त्रीने फालतू म्हटले, तिचा स्वभाव चौदा वर्षांच्या मुलीने तासाभरात ओळखला. फरक हाताच्या कसबाचा नव्हता, तिच्यापुढे तपमापक होता.

थर्मोस्टॅट काढला की इंजिन नेहमी गारच राहील, अशीही खात्री नाही. पुष्कळ इंजिनांत तोच बायपासची वाट बंद करतो. तो नसला की बायपास कायम उघडा राहतो. मग बरेचसे पाणी कूलर चुकवून तसेच परत फिरते आणि भर कामाच्या वेळी इंजिन उलट तापते. म्हणजे गारठ्याच्या वेळी गारठा आणि उन्हाच्या वेळी ताप, दोन्ही पदरात.

आता मोठ्या जहाजावर हे कसे करतात ते सांगून मी विषय आवरता घेतो. तेथे तत्त्व तेच, पण थर्मोस्टॅटच्या जागी तीन तोंडांचा मोठा व्हॉल्व्ह असतो. माझ्या आया-बहिणींना तो लगेच समजेल. आंघोळीचे पाणी फार कढत झाले की आपण विसण घालतो. बोट बुडवून पाहतो, हवे तसे झाले की थांबतो. तो व्हॉल्व्ह हेच करतो. एका तोंडातून कूलरमध्ये निवालेले पाणी, दुसऱ्यातून कूलर न पाहिलेले कढत पाणी. दोन्ही मिसळून तिसऱ्यातून इंजिनाकडे. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात तपमानाचे यंत्र बसवलेले असते, ते बोटाचे काम करते. आकडा वाढला की विसण जास्त, उतरला की कमी.

घाईघाईने विसण घालणाऱ्याचे काय होते तेही घरोघरी ठाऊक आहे. पाणी एकदम गार होते, मग कढत ओततो, मग पुन्हा गार. व्हॉल्व्हचेही तसेच. मिसळलेले पाणी इंजिन फिरून यंत्रापर्यंत पोचावयास वेळ लागतो. तेवढा धीर न धरता व्हॉल्व्ह मोठमोठ्याने फिरवला तर तपमान वरखाली झोके घेऊ लागते आणि लोखंडाला सतत ताण-सैल होऊन तडे जातात. म्हणून थोडे फिरवावे, थांबावे, आकडा पाहावा आणि मग पुढे जावे.

जहाज बंदरात उभे असतानाही इंजिन गारठू देत नाहीत. सुरू करण्यापूर्वी गोडे पाणी वाफेने किंवा विजेने पन्नास-साठ अंशांपर्यंत तापवून इंजिनात फिरवतात. आणि त्या पाण्याची उष्णता वाया जाऊ देत नाहीत. तिच्यावरच समुद्राचे पाणी एका बंद भांड्यात उकळतात. भांड्यातील हवा ओढून घेतल्यामुळे ते ४५-५० अंशांनाच उकळते, त्याची वाफ निववली की गोडे पाणी. मोठ्या जहाजावर अशा रीतीने दिवसाला वीस-तीस टन पाणी मिळू शकते. माझे वडील म्हणत, "समुद्रात आम्ही इंजिनाच्या तापाचे पाणी प्यायलो."

वडिलांचे काम काय होते? चार तासांची पाळी. इंजिनखान्यात फिरायचे, प्रत्येक तपमापक वाचायचा आणि आकडे लिहून साहेबांना द्यायचे. जॅकेटचे पाणी, एक नंबर सिलिंडर ८२, दोन नंबर ८३, तीन नंबर ८२. सत्तावीस वर्षे त्यांनी हे आकडे लिहिले. एखादा आकडा दोन अंशांनी हलला तरी त्यांना झोपेत कळे, असे त्यांचे सोबती सांगत. निवृत्त झाल्यावर एकदा मी विचारले, "बाबा, ८२ च का? ६० का नाही?" ते बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "आकडे मी लिहिले. त्यांचा अर्थ साहेब वाचायचे. मी सातवीत शाळा सोडली, मला कोण सांगणार?"

पालकहो, मी या विषयाकडे वळलो तो या वाक्यामुळे. माझ्या वडिलांना बुद्धी कमी नव्हती, मेहनत कमी नव्हती. मामूही समुद्राचे जाणकार होते. दोघांच्याही हाती कसब होते, 'का?' या प्रश्नाचे उत्तर मात्र कोणी त्यांच्या हाती दिले नव्हते. एकाला त्याची किंमत पाटल्यांनी द्यावी लागली, दुसऱ्याला सत्तावीस वर्षे एकाच पायरीवर उभे राहून.

म्हणून तीन-चार गोष्टी आपणांस विनंतीपूर्वक सांगतो. ज्यांच्याकडे इंजिन आहे त्यांनी थर्मोस्टॅट काढू देऊ नये. बिघडला असेल तर त्याच आकड्याचा नवा बसवावा आणि शंका असेल तर शाळेत आणावा, आमची मुले तो तपासून देतील. तपमान दाखवणारे घड्याळ बंद असेल तर हातावर विसंबू नये, ते आधी दुरुस्त करावे. इंजिन तापले तर गारठवण्याचा उपाय शोधण्यापूर्वी कारण शोधावे: पंपाचे पाते, पट्टा, तुंबलेला कूलर, कमी झालेले पाणी. तापलेल्या इंजिनाचे झाकण कदापि उघडू नये. आतले पाणी दाबाखाली शंभराच्या वर असू शकते आणि झाकण सुटताच त्याची वाफ होऊन तोंडावर येते. तापलेल्या इंजिनात एकदम थंड पाणीही ओतू नये, हेडला तडा जातो. आधी त्याला सावकाश निवू द्यावे.

आणि ज्यांची मुले समुद्रावर जाणार आहेत, त्यांना एवढेच सांगतो की, जहाजावर जाण्याची घाई करून शाळा अर्धी तोडू नका. साध्या खलाशाच्या प्रशिक्षणालाही आता दहावी उत्तीर्ण व्हावे लागते. मरीन इंजिनिअर व्हावयाचे असेल तर बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागते. ती वाट याच गावातून, याच शाळेच्या नववीच्या वर्गातून जाते. मुलींनाही ती बंद नाही. फट पहिल्यांदा कोणाला दिसली ते मी आपणांस सांगितलेच आहे.

विद्यार्थी मित्रांनो, पुढच्या वेळी उष्णतेचा धडा समोर आला तर कंटाळू नका. त्यात कोणाच्या तरी मामींच्या पाटल्या आहेत. तुमच्यापैकी कोणी उद्या इंजिनखान्यात उभा राहील, तपमापकावर ८२ वाचेल आणि कागदावर लिहील. तेव्हा त्या आकड्याचा अर्थही त्याला ठाऊक असावा, एवढीच माझी इच्छा आहे.